माझं अंग सुटलं नव्हतं

हे मी बायकांसाठी लिहिते आहे. जिला वाचता येतं तिनं स्वतः वाचावं. जिला येत नाही तिनं शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीकडून वाचून घ्यावं. नवऱ्याकडून नको. तो मधली वाक्यं गाळेल.

माझं नाव द्वारका. बऱ्हाणपूरच्या कन्याशाळेत मी मास्तरीण आहे. घर शनवारा वेशीच्या आतल्या बाजूला. घरात सासूबाई, हे, आणि आमची दहा वर्षांची शांता. हे लालबागेतल्या कापसाच्या एका जिनात कारकून आहेत. वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी मरणाच्या दारात जाऊन आले, त्याला आता वर्ष होत आलं. माणसं बरी झाली की देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानत लिहायला बसतात. मलाही आभार मानायचे आहेत, ती दोन-तीन माणसं पुढे येतीलच. पण आधी मला राग आलेला आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

*

सुरुवात लुगड्यापासून झाली. नेहमीच्या लुगड्याच्या निऱ्या कमी पडू लागल्या. सासूबाईंचं लक्ष तिकडे माझ्याआधी गेलं. शांतेनंतर दहा वर्षं घरात पाळणा हलला नव्हता, म्हणून त्यांना आनंद झाला. दोन महिने त्यांनी मला पाण्याचा हंडा उचलू दिला नाही. पण मी दर महिन्याला चार दिवस बाजूला बसतच होते. तिसऱ्या महिन्यालाही बसले, तेव्हा त्यांनी हंडा माझ्यापुढे आणून आपटला.

मग शब्द सुरू झाले. शेजारणी म्हणाल्या, मास्तरीणबाईंनी अंग धरलं. हे चांगल्या अर्थानं होतं. खाऊन-पिऊन सुखी, असा त्याचा अर्थ. थोड्या दिवसांनी म्हणाल्या, भरल्या. त्यानंतर म्हणाल्या, सुटल्या. हा शब्द मी आजवर शंभरदा ऐकला होता आणि दुसऱ्या बायकांबद्दल वापरलाही होता. नीट विचार केला तर तो फार वाईट शब्द आहे. जे बांधून ठेवायचं ते हिनं मोकळं सोडलं, म्हणजे दोष हिचाच, असं तो एका दमात सांगून टाकतो. पुढे विचारायला काही उरतच नाही.

सासूबाईंनी त्यात आपली भर घातली. "खुर्चीचं अंग आहे ते. शाळेत बसून बसून चढून राह्यलं."

आणि मी काय केलं? मी त्यांच्या आधी बोलायला शिकले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रव्या-तुपाच्या गोड दराब्याची वाटी पुढे आली की मीच हसून म्हणायची, "मला अर्धाच द्या बाई, मी आधीच सुटलेय." सगळ्या हसायच्या. आपण बोललो की दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागत नाही, एवढंच त्यातलं सुख. ते वाक्य म्हणताना माझ्या डाव्या कुशीत जडपणा असायचा, दोन घासांत पोट तुडुंब व्हायचं, उताणं निजलं की दम लागायचा. यातलं एकही मी कोणाला सांगितलं नाही. सुटलेल्या बाईला दम लागणारच, असं मलाही वाटत होतं.

*

शेवटी यांनी मला शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं नाव लिहीत नाही. ते हयात आहेत आणि त्यांच्या दारात आजही टांगे उभे असतात.

मी बाकावर बसले, हे टेबलाशी उभे राहिले. डॉक्टरांनी यांना विचारलं, "काय त्रास आहे?"

हे म्हणाले, "अंग सुटलंय फार. वर्षभरात."

डॉक्टरांनी बाकाकडे एकदा पाहिलं. "काम काय करतात?"

"कन्याशाळेत आहे."

"बस. बैठं काम आहे. आपल्या लोकांत बाई खुर्चीवर बसली की हे होतंच. एक वेळ जेवण, तूप-साखर बंद, सकाळी चालणं. दर महिन्याला वजन करा." मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "बरोबर ना बाई? सुटल्यात ना?"

मी म्हणाले, "हो."

हा माझा 'हो' मला अजून झोपू देत नाही. त्यांनी माझ्या पोटाला हात लावला नाही. परक्या बाईच्या पोटाला हात कसा लावायचा, हे मला कळतं. पण प्रश्न विचारायला हात लागत नाही. भूक कशी आहे, झोप कशी आहे, जडपणा कुठे आहे, एवढं कुणीही विचारू शकतं. त्यांना माझ्या नवऱ्यानं एक शब्द दिला, त्यावर मी मान डोलावली, आणि त्या शब्दावर त्यांनी औषध दिलं.

माणसाचं वजन करायचा काटा आम्हाला ठाऊक नव्हता. जिनात कापसाचा काटा होता. रविवारी जिन बंद असताना हे मला तिथे घेऊन गेले. ज्या फळीवर कापसाची बोचकी टाकतात तिच्यावर मी पाय दुमडून बसले. दुसऱ्या बाजूला यांनी एकेक वजन ठेवलं. एक मण सव्वीस शेर. फळीवरून उतरताना माझ्या लुगड्याला सरकी चिकटली होती, ती मी घरापर्यंत झटकत आले.

एक महिना मी दुपारी एक भाकरी आणि वरण खाल्लं. रोज सकाळी शाळेआधी राजघाटापर्यंत चालत गेले, चालत आले. घाटाच्या पायऱ्यांवर बसून श्वास जमवायची, मग परत. महिन्यानं पुन्हा काट्यावर बसले. तीन शेर वाढले होते.

यांनी वजनं पुन्हा मोजली. मग काट्याकडे पाहत, माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात विचारलं, "शाळेत काही खातेस का?"

मला मार बसला असता तर परवडला असता. महिनाभर मी उपाशी होते, वर्गात फळ्यापुढे दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती, आणि माझा नवरा मला विचारत होता की तू चोरून खातेस का.  घरी आल्यावर सासूबाईंनी शिंक्याची दोरी आणखी वर बांधली.

*

मला वाचवलं ते जैनब मनिहारणीनं. ही दारोदार बांगड्या भरणारी, माझ्या लग्नापासून माझ्या हाताला बांगड्या भरत आलेली. नागपंचमीच्या आधी ती आली, ओसरीवर टोपली ठेवली, माझा हात हातात घेतला आणि थांबली.

"बाई, हाताला काय झालं?"

"कुठे काय? मी सुटलेय, दिसत नाही का?"

"कोन बोललं? आजपर्यंत अडीचची बांगडी भरली तुमाला. पंजा दाबून दाबून भरत होती मी. आता ही पाहा सव्वादोनची." तिनं बांगडी न दाबता सरकवली. ती मनगटावरून घसरत कोपरापाशी जाऊन थांबली. "मोटी होते ती बाई आधी कलाईत मोटी होते. माझ्या हाताला माहीत आहे. तुमचे हात सुकून गेले बाई. नुसती हाडं राह्यली."

"मग हे पोट?"

"पोटाचं मला काय ठावं. मी हाताचं सांगते. पोट वाढून राह्यलं नि हात सुकून राह्यले, तर हे मोटापं नाही, दुसरं काही आहे. कोणी बाई-डॉक्टरीण असेल तिला दाखवा."

अख्ख्या बऱ्हाणपुरात माझ्या शरीराबद्दल पहिलं खरं वाक्य बोलली ती ही बाई. शिकलेली नाही. तिला 'सुटली' म्हणून काम भागवता येत नव्हतं, कारण तिला माप द्यावं लागतं.

ती गेल्यावर मी शाळेचा एक कोरा कागद घेतला. वर्गात मुलींना निबंधात 'सुंदर' आणि 'छान' हे शब्द मी लिहू देत नसे. काय पाहिलं ते लिहा, म्हणायची. स्वतःच्या बाबतीत हे मला सुचलं नव्हतं. मी लिहिलं: मनगटं वाळली. गळ्याची हाडं वर आली. मांड्या सैल. पोट वाढलं, डावीकडे जास्त. हात लावला तर घट्ट लागतं. दोन घासांत पोट भरतं. उताणं निजवत नाही. विटाळ नियमित. भूक नाही तरी वजन वाढतं. त्या कागदावर 'जाड' हा शब्द कुठेच नव्हता.

हे घरी आल्यावर कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला. मग माझं मनगट हातात घेऊन बघितलं, लग्न झाल्यापासून प्रथमच बघावं तसं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिनात रजा मागितली.

*

भुसावळच्या पुढे एका गावात फक्त बायकांचा दवाखाना होता. आगगाडीतून उतरून बैलगाडीनं तिथे पोचेपर्यंत मी अर्धमेली झाले होते. डॉक्टरीणबाई मराठी बोलणाऱ्या होत्या, पन्नाशीच्या, केस पांढरे. हे लगेच पुढे झाले. "हिचं अंग..."

"तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या. "हिला तोंड आहे ना?"

दार लागलं. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "बाई, मी फार सुटलेय."

"हे लोकांनी सांगितलेलं झालं. तुला काय होतंय?"

मी कमरेला खोचलेला कागद काढून दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग मला निजवून पोट चाचपलं, बोटांनी ठोकून ऐकलं, या कुशीवर वळवलं, त्या कुशीवर वळवलं.  मला वाटलं, आता शिव्या देतील.

"पोटात गाठ आहे," त्या म्हणाल्या. "गर्भाच्या पिशवीच्या बाजूला. पाण्यानं भरलेली, मोठी. तू खाल्लेलं सगळं तीच खाते आहे. कापून काढावी लागेल."

"नाही काढली तर?"

"तर दिवाळी बघशील असं मी सांगू शकत नाही."

मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. मला भीती नंतर वाटली. आधी हायसं वाटलं. मी चोर नव्हते. आणि त्या पाठोपाठ इतका राग आला की टेबलाची कड मी दोन्ही हातांनी धरली. बाईंना वाटलं कळ आली.

"कापताना मी मरेन का?" मी विचारलं.

"काही बायका मरतात. खोटं सांगणार नाही. पण तुझं हृदय चांगलं आहे, आणि माझा हात या कामाला बसलेला आहे."

संमतीच्या कागदावर यांची सही झाली. मग बाईंनी दौत माझ्यापुढे सरकवली. "दवाखान्याला नवऱ्याची सही लागते. मला तुझीही हवी." अशी सही मी आयुष्यात प्रथम केली.

*

ऑपरेशनच्या आधी मला चार दिवस खायला घालून ठेवलं. दूध, अंडं घातलेली पेज, आणि सारखं थोडं थोडं. महिन्याभरानंतर कोणी माझ्या हातात वाटी देऊन "आणखी घे" म्हणत होतं. त्या पेजेवर मी रडले. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, "खारट झाली का माय?"

दवाखान्याचा दिवस घंटेवर चाले. पहाटे एक घंटा, मग तोंडात ताप बघायची काचेची नळी, मग खाटांखालून ओलं फडकं फिरायचं. एक नर्स होती, माझ्याहून लहान. ती रोज मला काट्यावर उभी करायची. इथे माणसांचा काटा होता. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले. तिनं आकडा मोठ्यानं वाचला आणि पुढच्या खाटेकडे गेली. नुसता आकडा. त्याच्या पुढे-मागे एकही शब्द नाही. भुवई वर नाही, हसणं नाही. माणूस माणसाशी असं वागू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

ऑपरेशनच्या सकाळी खूप भीती वाटली. शांतेची वेणी कोण घालेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकावर आला तेव्हा आकडे म्हणायला सांगितले. मी अकरापर्यंत गेले.

जाग आली तेव्हा पोटात आग होती आणि तोंडात ओकारी. पाणी मागितलं तर ओला कापूस ओठांवर फिरवला. तीन दिवस असे गेले की त्यांचं काही सांगण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि मी उताणी निजले. श्वास पार खालपर्यंत गेला. दीड वर्षात तो तिथे पोचला नव्हता.

यांना बाईंनी गाठ दाखवली होती. ज्या माणसाचा दिवस तोलण्यात जातो त्याच्यासमोर ती तोलली. सव्वाअकरा शेर भरली. त्या दिवशी हे माझ्या खाटेशी आले आणि खूप वेळ पंख्यानं वारा घालत बसले.

मग म्हणाले, "मी तुला काय काय विचारलं."

"विचारलंत," मी म्हणाले.

त्यांना आणखी काही ऐकायचं होतं. मी डोळे मिटून घेतले. माफ करायला अंगात जोर लागतो, आणि माझा सगळा टाके सांभाळण्यात जात होता. पुढे त्यांनी फार केलं. महिनाभर येऊन-जाऊन राहिले, माझी भांडी धुतली, चारचौघांत माझे केस विंचरले. ते मी विसरणार नाही. पण काट्यापाशी विचारलेला प्रश्नही विसरणार नाही. दोन्ही आहे.

*

परत आले ती हाडांचा सापळा होऊन. शनवाऱ्यात टांग्यातून उतरते न उतरते तोच एक शेजारीण म्हणाली, "अगो बाई, आता कशी छान बारीक दिसते." दुसरी म्हणाली, "पार चिपाड झालं की." मी तिथेच उभी राहिले आणि म्हणाले, "माझं पोट फाडून शिवलं आहे. जेवते. चालते. पुढच्या महिन्यात शाळेत जाणार आहे. एवढं विचारा. बाकी माझ्या अंगाला नावं ठेवू नका." त्यांना ते फार लागलं. अजून त्या माझ्याशी मोजकं बोलतात. बोलू देत.

हिंडायला लागल्यावर मी त्या डॉक्टरांकडे गेले. एकटी गेले आणि यांची जागा घेऊन टेबलाशी उभी राहिले. काय निघालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तोंड थोडं उतरलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण मग म्हणाले, "बाई, तुम्हीच तर म्हणालात, सुटले म्हणून."

"मेले म्हणाले असते, तर नाडी न बघता जाळायला पाठवलं असतंत का?"

 डॉक्टर म्हणाले, "तुम्ही रागावलेल्या आहात."

"हो," मी म्हणाले. या वेळचा 'हो' मात्र माझा होता.

बायांनो, एवढ्यासाठी हे सगळं सांगितलं. डॉक्टरापुढे गेलात तर लोकांनी दिलेला शब्द घेऊन जाऊ नका. सुटले, भरले, फुगले, वाळले, यातून कोणाला काही कळत नाही. कुठे जड, कुठे हलकं, कधीपासून, खाल्ल्यावर काय, निजल्यावर काय, तेवढं सांगा. आणि दुसरीबद्दल बोलताना जीभ आवरा. तुम्ही गंमत करता, आणि ती ते खरं मानून गप्प बसते.

*

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. लिहिते.

यांना एक थोरली बहीण होती, कौसल्या. तुकईथडला दिलेली. माझ्या लग्नाच्या आधीच गेली, मी तिला पाहिलं नाही. घरात तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नसे. बोललंच तर एवढंच, की फार सुटली होती आणि दम लागून गेली.

मी शाळेत परत जायला लागले त्याच आठवड्यात, एका दुपारी, मी आणि सासूबाई ओसरीवर तूर निवडत बसलो होतो. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी माझ्या गाठीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. सुपातली तूर त्या पुन्हा पुन्हा त्याच जागी सारत होत्या.

"तुझी ती गाठ," त्या म्हणाल्या, "डावीकडे होती ना वं?"

"हो, आत्याबाई."

"हात वाळले होते तुझे."

"हो."

 मी वाट पाहिली. मला वाटलं, माझी माफी मागतील. मी तयार होते, आणि ती स्वीकारायची नाही असंही ठरवलं होतं.

"कौसीच्या पाटल्या घसरत होत्या," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाला आली तर पाटल्या हातातून घसरून राह्यल्या. मी म्हटलं, सोन्याचं काम कच्चं केलं सोनारानं. बाळंतपण होतंच कुठे? नऊ महिने झाले, दहा झाले, काही नाही. सासरच्यांनी परत नेली. मग त्यांचा निरोप आला, तुमची लेक बसून खाते, सुटून राह्यली." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी उलट निरोप पाठवला. तिला एक वेळच वाढा म्हणून. मी आई आहे, माझं ऐकतील, असं वाटलं. त्यांनी ऐकलं."

माझ्या तोंडात एवढा वेळ जमवून ठेवलेलं सगळं होतं. शिंक्याची दोरी होती, खुर्चीचं अंग होतं. त्यातलं काही बोलले नाही.

"तिलाही हेच होतं का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. कोण जाणे म्हणणंही सोपं होतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं, कारण तिच्या पोटाला कोणी हात लावून पाहिलंच नव्हतं. पण सत्तरीची बाई विचारत होती, आणि आयुष्यात प्रथमच ती शरीराबद्दल नीट विचारत होती.

"मला वाटतं, हेच होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मी त्यांचा हात धरला नाही. तेवढं मोठं मन माझं त्या दिवशी नव्हतं, आजही आहे की नाही ठाऊक नाही. थोड्या वेळानं रस्त्यावरून एक ओळखीची बाई वर आली, ओसरीवर बसली, इकडचं तिकडचं झालं. माझ्या दुखण्यावरून बोलता बोलता ती सासूबाईंना म्हणाली, "आजी, तुमची कौसी किती सुटली होती, मला आठवते."

सासूबाईंनी मान वर केली.

"सुटली नव्हती," त्या म्हणाल्या. "आजारी होती. उपाशी होती."